खिडकीपाशी उजेड चांगला आहे

पडद्यावरचा प्लंबर म्हणाला, "ते म्हणतात, खिडकीपाशी उजेड चांगला आहे, शिवायला तिथे बसा," आणि तिच्या मांडीवरची पाण्याची बाटली घसरून खाली गेली. झाकण घट्ट होतं म्हणून पाणी सांडलं नाही, पण दुपारच्या खेळाला माणसं मोजकीच होती, त्यामुळे उतरत्या जमिनीवरून खुर्च्यांच्या पायांना आपटत पुढच्या रांगांपर्यंत गेलेल्या त्या बाटलीचा प्रवास सगळ्या थिएटरने ऐकला. "गेली, गेली, आउट!" असं मागच्या रांगेतल्या दोन कॉलेजच्या मुलांपैकी एकजण म्हणाला. बाकीचे लोक पडद्याकडे बघून हसतच होते. हसण्यासारखंच होतं ते. पडद्यावरच्या नवऱ्याने प्लंबरजवळ दिलेला निरोप अगदी वेगळा होता: "तिला सांगा, तिची ती शिवणाची टोपली रोज माझ्या पायात येते. उचल म्हणावं, नाहीतर रस्त्यावर भिरकावून देईन." त्याचं प्लंबरने हे असं केलं होतं. आणि शिवणारी बायको टोपली उचलून खरोखरच खिडकीपाशी जाऊन बसली होती. थिएटरात ती एकटी हसली नाही. उजेडाचं ते वाक्य तिचं होतं. वयाच्या अकराव्या वर्षी, दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभं राहून, तिने ते स्वतःच्या मनाने रचलं होतं. जगात कुणालाही ते रचलेलं आहे हे ठाऊक नाही, अशी त्या क्षणापर्यंत तिची खात्री होती.

सिनेमा तिच्या धाकट्या भावाचा होता. त्याचा पहिलाच. पोस्टरवर एक कपाट, त्याच्यावर कापडी खोळ, आणि खोळीतून बाहेर आलेले दोन पाय, असं काहीतरी होतं. खाली लिहिलं होतं, 'चमत्कारिक घराची साधी गोष्ट'. साधी म्हणजे अशी: एका नवराबायकोचा अबोला आहे, नळ गळतो म्हणून एक प्लंबर येतो, आणि त्या दोघांना मधे एक माणूस सापडतो. दोघं त्याच्यामार्फत बोलायला लागतात. नळ दुरुस्त होतो, पण प्लंबर जात नाही. आधी त्याला चहा मिळतो, मग जेवण, मग पलंग. बायको घरातल्या प्रत्येक वस्तूला खोळ शिवते. एक दिवस ती त्याच्या पान्यालाही शिवते. नवरा नकाशे काढणारा. दर शनिवारी तो घरातलं सगळं सामान नव्या जागी हलवतो, आधी कागदावर पुठ्ठ्याचे तुकडे मांडून, मापात. मुलंबाळं नाहीत. मध्यंतरापर्यंत ती वाट बघत होती की आता एखादी मुलगी दारातून आत येईल, दोन वेण्यांची, गुडघ्यावर खरचटलेली. कुणी आलं नाही. बाबा होते, आई होती, पुठ्ठ्याचे तुकडे होते, पावडरच्या डब्यालासुद्धा खोळ होती. आपल्या जागी मात्र भावाने एक टकला, पोट सुटलेला, खांद्याला हत्यारांची पिशवी लावलेला माणूस उभा केलाय, हे मध्यंतरात कॉफीच्या रांगेत तिच्या हळूहळू लक्षात आलं आणि तिने कॉफी न घेताच रांग सोडली. बाबा तिला 'सांग' म्हणायचे. प्लंबरला सगळे 'सांगा' म्हणत होते.

खरं तर तिने यायला नकोच होतं. भावाशी तिचं बोलणं बंद होतं, बाबा गेल्यापासून; आणि तशा घरात वाढलेल्यांना अबोला धरायला काही शिकावं लागत नाही. दोघांच्या मधे आई होती. आई भावाकडे राहायची आणि फोन करायची. "तो विचारतोय, तुझी पाठ कशी आहे." "त्याला सांग, बरी आहे." गेल्या आठवड्यात आईचा फोन आला तो नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. "अगं, लागला त्याचा सिनेमा. तुझ्या घराजवळच्याच त्या थिएटरात लागलाय. तो म्हणतोय, ताईने बघितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही." तिने विचारलं, "असं म्हणाला तो?" "मग मी काय मनचं सांगतेय? अगदी याच शब्दांत." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली होती. ताई. त्या चौकोनी चेहऱ्याच्या, सगळं मनात ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडून ताई. तिला इतकी ओढ लागली की तिचा तिलाच राग आला. दवाखान्यात तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते न सुचून 'घरगुती' असं लिहिलं.

दवाखान्यात ती लोकांचे कान तपासते. जाड भिंतींची एक छोटी खोली आहे, तिच्यात माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेपलीकडून सांगायचं, "आवाज आला की दाबा. कितीही बारीक असला तरी दाबा. शंका आली तरी दाबा." मग एकेक सूर कमी कमी करत न्यायचा, माणूस दाबायचं थांबेपर्यंत. बाहेर आलेला आलेख ती डॉक्टरांकडे पाठवते. बायका नवऱ्यांना घेऊन येतात आणि सांगतात, "यांना ऐकू येतं हो, ऐकायचं नसतं." असल्या विनोदावर ती गेली कित्येक वर्षं सारखंच हसत आली आहे. परवा एका आजोबांचा आलेख अगदी स्वच्छ निघाला. तो बघून आजी म्हणाल्या, "बघा, म्हणजे एवढी वर्षं सगळं ऐकत होते की नाही मेले!" आणि डोळे पुसायला लागल्या. त्या रडताहेत की हसताहेत ते तिला कळेना. तिने पुढचा नंबर पुकारला.

अबोला का सुरू झाला हे तिला कधीच कळलं नाही. तिने विचारलं होतं. लहान असताना, एकदाच. आई म्हणाली, "त्यांना विचार." बाबा म्हणाले, "तिला विचार." तिने दोन फेऱ्या मारल्या आणि नाद सोडला. तिच्या आठवणीत ते दोघं एकमेकांशी बोलताहेत असं चित्रच नव्हतं. भाऊ अबोला सुरू झाल्यावर बऱ्याच वर्षांनी जन्मला. त्यातला हिशेब तिला पुढे कॉलेजात, रसायनशास्त्राच्या तासाला, अचानक उमगला आणि ती एवढ्याने हसली की बाईंनी तिला वर्गाबाहेर काढलं. बाहेरच्या खोलीत बाबा, आत आई, मधल्या दाराला दोरीवर सोडलेला पडदा. दोरी मधोमध सैल पडलेली, त्यामुळे पडदा दोन्ही कडांना उंच आणि मधे जमिनीला टेकणारा. तिची जागा त्या पडद्यात. बाहेरून हाक यायची, "कुठेयस गं? तिला सांग." आणि ती हातातलं काम टाकून जायची. "तिला सांग, या चहात आणि गटारात काही फरक राहिलेला नाही." ती वळायची, पडदा बाजूला करायची आणि म्हणायची, "बाबा म्हणतात, आज चहा जरा पातळ वाटला." आई म्हणायची, "त्यांना सांग, हात मोडले नसतील तर उठावं आणि स्वतः करावा." ती पुन्हा वळायची. "आई म्हणते, दुसरा टाकते." मग बाबा म्हणायचे, "बरं." आणि आत भांड्याचा आवाज यायचा, खरोखरच दुसऱ्या चहाचा.

पहिल्यांदा तिने निरोप का बदलला, ते आता सांगता येत नाही. बहुधा भीतीने. पण भीती लवकरच संपली आणि तिथे दुसरंच काही आलं, ज्याला कारागिरी म्हणता येईल. खोटं फार लांब न्यायचं नाही, हे तिने आपलं आपण शोधून काढलं होतं. मूळ निरोपातली एखादी तरी वस्तू तशीच ठेवायची, चहा तर चहा, टोपली तर टोपली, फक्त तिच्याभोवतीचं हवामान बदलायचं. बाबांना टोपली पायातून हलायला हवी होती ना? मग टोपली हललीच पाहिजे. ती कशासाठी हलली, ते तिच्या हातात होतं. आई त्या दिवशी टोपली घेऊन खिडकीपाशी बसली ती कायमचीच. पुढे बाबा दर शनिवारी सामान हलवायचे, कपाट पूर्वेला, टेबल भिंतीला, पलंग आडवा. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांच्या पायांना नव्या जागी मार बसायचा. पण खिडकीपाशी त्यांनी कधी काही आणून ठेवलं नाही. खिडकीसमोर कायम एका माणसाला बसता येईल एवढी जागा रिकामी असायची. पुठ्ठ्याच्या तुकड्यांच्या त्या खेळात त्यांनी आईसाठी तुकडा कापला नव्हता; तरी त्या कागदावर खिडकीजवळ पेन्सिलीची एक फुली असायची. फुलीचा अर्थ तिने कधी विचारला नाही. आत्ता, अंधारात, पायाशी बाटली नसताना, ती फुली तिला अगदी लख्ख दिसली.

भावाला ते वाक्य कुठून कळलं? प्रश्न साधा होता, आणि सवयीने तिने तो पायरी-पायरीने सोडवायला घेतला. टोपलीचं घडलं तेव्हा भाऊ पाळण्यात होता. तेव्हा त्याला माहीत असणं शक्य नाही. तिने कुणाला सांगितलं नाही. बाबांना त्यांचं वाक्य माहीत होतं, तिचं नव्हतं. पडद्यात ती नेहमी हळू बोलायची, निदान तिला तसं वाटायचं. आईला तिचं वाक्य माहीत होतं, बाबांचं नव्हतं. पण सिनेमात दोन्ही होती. शब्दाला शब्द नाही, तरी दोन्ही होती, पायात येणारी टोपली आणि खिडकीपाशी उजेड. म्हणजे सांगणाऱ्याने दोन्ही ऐकलेली असायला हवीत. सांगणारं जिवंत असं एकच माणूस होतं.

पडद्यावर आता तेच चाललं होतं. भावाने कॅमेरा बाजूच्या भिंतीत कुठेतरी ठेवला असावा, कारण एकाच चौकटीत तिघंही दिसत होते: डावीकडे नवरा, मधे दारात प्लंबर, उजवीकडे बायको. तिने तो दरवाजा आयुष्यभर मधूनच बघितला होता. मधून बघताना एका वेळी एकच खोली दिसते. बाजूने बघितल्यावर कळलं की अंतर म्हणजे किती, जेवणाच्या दोन टेबलांएवढं. मधे एक सुती पडदा. सुती पडद्याने आवाज किती अडतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जवळजवळ नाहीच. नवरा बोलला, "तिला सांगा, ही भाजी जनावरंही खाणार नाहीत." उजवीकडे बायकोचा सुईचा हात थांबला, हवेत, दोरा ताणलेला. प्लंबरने घसा साफ केला. "ते म्हणतात, मीठ थोडं पुढे गेलंय, पण चव छान आहे." हात पुन्हा चालायला लागला. लोक हसले. मागचा मुलगा हळूच म्हणाला, "अरे, तिला सगळं ऐकू येतंय." दुसरा म्हणाला, "मग? बहिरी वाटली होती का तुला?" तो पुन्हा म्हणाला, "नाही रे, तिला सगळं ऐकू येतंय, आणि ती थांबतेय. तो काय म्हणेल म्हणून थांबतेय."

मधे एकदा, आईला चक्कर येत होती तेव्हा, तिने आईला दवाखान्यात आणून त्या जाड भिंतींच्या खोलीत बसवलं होतं. आई हेडफोन लावून परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती. सूर कमी कमी होत गेला आणि आई दाबत गेली. शेवटी यंत्रावरचा आवाज संपला, पण आईचं दाबणं संपेना. "आई, तुझे कान तरुण मुलीचे आहेत," असं ती काचेपलीकडून म्हणाली तेव्हा आई म्हणाली होती, "वापरलेच कुठे?" तेव्हा त्या दोघी खूप हसल्या. तो आलेख तिने स्वतःच्या हाताने काढला होता, तरीही तिला कधी सुचलं नाही. माणूस शिकतं ते शिकण्याच्या जागी ठेवतं आणि घरी येतं.

मग आठवणीत दवाखान्यातली ती दुसरी खोली आली, बाबांची शेवटची. ती येणारच होती. बाबांचा आवाज तोवर जवळजवळ गेला होता, नुसता श्वास उरला होता शब्दांच्या आकाराचा. पलंगाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि भिंतीला लागून बाकावर आई, हातात शिवण, औषधाच्या बाटलीला खोळ. बाबांनी डोळ्यांनी तिला खाली वाकायला सांगितलं. "तिला सांग, पंखा बंद कर म्हणावं. डोक्यावर येतोय." ती सरळ झाली, वळली आणि म्हणाली, "आई, बाबा म्हणतात, तू दमलीस. जरा पड." भावाने तिच्याकडे बघितलं आणि तो खोलीबाहेर निघून गेला. आई म्हणाली, "बरं." ती उठली, सुई खोळीत खोचून ठेवली, दाराजवळच्या बटणापाशी जाऊन पंखा बंद केला, परत आली आणि चादर ओढून बाकावर पडली. मग ती स्वतः बाहेर गेली तेव्हा भाऊ कॉरिडॉरच्या टोकाला उभा होता. "पंखा म्हणाले ते," तो म्हणाला. "पंखा. काय होतं त्यात बदलण्यासारखं? त्यांना गार वाजत होतं." "हळू बोल." "आयुष्यभर तू त्यांचं बोलणं खाल्लंस. आता शेवटचंही खाऊन टाक." तिने त्याला सांगायला हवं होतं काहीतरी, पण त्याच्याशी बोलायचं म्हणजे मधे कुणी नाही, सरळ त्याच्या तोंडावर बोलायचं, आणि त्याची तिला सवयच नव्हती. बाबा त्यानंतर कुणाशीच बोलले नाहीत. आणि पंखा? आईला थंडी सोसत नाही, पडायच्या आधी ती नेहमीच पंखा बंद करते, असं तिने तेव्हा धरून चाललं होतं. इतकं धरून चाललं होतं की ती गोष्ट तिने लक्षातसुद्धा ठेवली नव्हती. ती लक्षात राहिली होती आपोआप, एखाद्या खोलीत शिरल्यावर मागचं दार लागल्याचा आवाज राहतो तशी.

तिने खुर्चीचे हात धरले. आई आधी पंख्याकडे गेली होती. मग पडली होती. तिने दोन्ही निरोप ऐकले होते आणि दोन्ही पाळले होते.

सिनेमा संपत आला होता. प्लंबर एके सकाळी उठतो, नळ उघडून बघतो, बंद करतो, पिशवी खांद्याला लावतो आणि म्हणतो, "येतो मग. काम झालंय." कोणी त्याला अडवत नाही. "इतकी वर्षं राहिला आणि बॅग एकच?" मागचा मुलगा म्हणाला. ती एकोणीस वर्षांची असताना शिकायला दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिचीही बॅग एकच होती, आईने शिवलेल्या खोळीतली. बाबांनी तिला बसपर्यंत सोडलं आणि बस सुटताना ते म्हणाले होते, "तिला सांग," आणि थांबले होते, कारण सांगायचं कुठे? बस निघालीच होती. त्या वाक्याचा पुढचा भाग काय होता याचा विचार तिने वसतिगृहाच्या खोलीत किती रात्री केला असेल. परकं घर, परक्या बायका सरळ एकमेकींशी बोलणाऱ्या, आणि कुणाला तिची गरज नाही. सुट्टीत घरी आली की हाक यायची, "कुठेयस गं?" आणि ती धावायची, वीस वर्षांची घोडी, पडद्यात उभं राहायला. तेवढंच घर होतं तिचं. दोन्हीकडची खोली त्यांची होती, पण पडदा तिचा होता.

पडद्यावर दार रिकामं होतं. नवरा खुर्चीत, बायको खिडकीपाशी. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, इतका की कुणीतरी खोकलं. मग नवरा त्या रिकाम्या दाराकडे बघून म्हणाला, "तिला सांगा, दोरा संपला असेल तर बाहेर जाणारच आहे मी." बायकोचा हात थांबला. दोघं थांबून राहिले, प्लंबर घसा साफ करून बोलला असता तेवढा वेळ, अगदी तेवढाच. मग बायकोने रिकाम्या दाराकडे बघून उत्तर दिलं, "त्यांना सांगा, पांढरा आणा." पुन्हा तेवढाच वेळ. "बरं," नवरा म्हणाला. आणि पडद्यावर नावं यायला लागली, आणि दिवे लागले, आणि सफाईवाली बाई तिची बाटली हातात घेऊन विचारत होती, "तुमची का? पार पडद्यापर्यंत पोचली होती."

बाहेर उन्हं उतरली होती. थिएटरच्या पायऱ्यांवर तिकीट-खिडकीचा माणूस खुर्ची टाकून बसला होता. "कसा वाटला?" त्याने विचारलं. "लोक म्हणतात, चक्रम आहे." ती म्हणाली, "हो, आहे." आणि पायऱ्यांच्या कडेला, भिंतीला टेकून, तिने फोन काढला. भावाचा नंबर होता. तो तिने कधी पुसला नव्हता आणि कधी लावलाही नव्हता. तिचा अंगठा त्या नावावर राहिला. शंका आली तरी दाबा, असं ती दिवसभर लोकांना सांगते.

"हॅलो." तोच आवाज. थोडा जाड झालेला.

"मी बोलतेय."

"कळलं." मग थोड्या वेळाने, "बघितलास?"

"आत्ताच सुटला."

"आई म्हणालीच. तुला बघायचाय, तू तीन-तीनदा विचारलंस कुठे लागलाय म्हणून."

"मी?" ती म्हणाली. "मी कुठे विचारलं? मला आई म्हणाली, तू म्हणालास, ताईने बघितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही."

पलीकडून एक बारीक आवाज आला, तो हसतोय असा. "मी असं म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं, तिला सांगू नकोस."

ती पण हसली. पायऱ्यांवरच्या माणसाने मान वळवून बघितलं. "टोपलीचं तुला आईने सांगितलं?"

"सगळं तिनेच सांगितलं. शूटिंगला रोज यायची, खुर्ची टाकून बसायची. नटी विचारत होती, नवऱ्याचं ऐकल्यावर मी चेहरा कसा करू? आई म्हणाली, चेहरा नको, हात थांबव. पोरीचं बोलून झालं की परत चालव. तो प्लंबर झालेला केवढा मोठा नट, आणि ही त्याला सगळ्यांसमोर पोरगी म्हणतेय."

"मग पोरगी का नाही घेतलीस?"

"घेतली होती," तो म्हणाला. "कागदावर होती. नाही जमलं. त्या कामासाठी जी मुलगी आणली ती तुझ्यासारखी वाटायची, आणि मला तिच्यावर ओरडता येईना." तो थांबला. "ते शेवटचं, रिकाम्या दाराचं, ते मात्र माझं आहे. ते मी बघितलंय. तू गेलीस तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मला वाटलं, आता मला बोलावतील. मी रोज शाळेतून आलो की त्या पडद्याजवळ जाऊन बसायचो. अभ्यास तिथेच करायचो. त्यांनी मला कधी निरोप दिला नाही ताई. एकदाही नाही. माझ्या डोक्यावरून बोलायचे. पडद्याकडे बघून बोलायचे आणि थांबायचे. तू बोलली असतीस तेवढा वेळ."

ती भिंतीला टेकली होती ती तशीच पायरीवर बसली. तिला तो पोरगा दिसला, पडद्याशी पाटीवर गणितं करणारा, दोन्ही बाजूंना मान वळवणारा. तो आपल्या घरात आहे आणि आपल्यालाच विचारत नाहीत, हे कुणाला सांगणार? सांगायला ती नव्हती. तिच्यावर तो कॉरिडॉरमध्ये ओरडला तो बाबांच्या एका वाक्यासाठी नव्हे. आपल्याला जन्मभर मिळालं नाही ते वाक्य हिला मिळालं आणि हिने बदलूनही टाकलं, म्हणून.

"ऐक," ती म्हणाली. तिला सरळ बोलायचं होतं, मधे कुणी न घेता. "त्या दिवशी तू बाहेर गेलास. तू गेल्यावर आई उठली आणि तिने पंखा बंद केला."

"काय?"

"आधी पंखा बंद केला. मग पडली. मी समोर उभी होते. आज कळलं मला."

त्याच्या खोलीतलं घड्याळ, की आईचं शिवणयंत्र, काहीतरी लयीत वाजत होतं पलीकडे, मग ते थांबलं. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. "मी तिला हे कधी विचारलं नाही," शेवटी तो म्हणाला. "बाकी सगळं विचारलं. हे विचारायचा धीर झाला नाही."

आणि मागून, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, आईचा आवाज आला, मोठा, कुरबुरता. "कुणाचा फोन आहे? तिचा आहे का? काय म्हणतेय ती?"

तिने फोन कानाशी घट्ट धरला. डोळे मिटले. तो पलीकडे उभा होता, दोघींच्या मधे, आणि त्याने अजून तोंड उघडलं नव्हतं. आईचं यंत्र थांबलेलंच होतं.

त्याने घसा साफ केला.

"ताई म्हणतेय," तो म्हणाला, "रविवारी येते. म्हणाली, आईला सांग, खिडकीपाशी माझ्यासाठी जागा ठेव."

ती असं काहीच म्हणाली नव्हती. पलीकडे थोडा वेळ गेला, मग आई म्हणाली, "बरं," आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. ती पायरीवर बाटली मांडीत घेऊन बसून राहिली, आणि त्यातला एकही शब्द तिने दुरुस्त केला नाही.